ओवाळणीतला पंप

दामू घरात आला की रामराम नंतर, आधी उलटा हात. चुलीवरून उतरवलेलं पातेलं, माझ्या ट्रकचं बॉनेट, शेजाऱ्यांची म्हैस, जे समोर दिसेल त्याला हाताची पाठ लावून ताप बघायचा. एकदा आमच्या पिंप्राळ्याच्या घरी कीर्तनकार बुवा चहाला आले होते. भर उन्हातून आलेले. दामूने त्यांच्या टकलाला हात लावला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "महाराज, पह्यले पानी प्या." बुवांनी चहा न घेताच चपला घातल्या.

दामू माझा साला. माझी बायको सुमन, तिचा धाकटा भाऊ. धुळ्याला हायवेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं, ट्रकांच्या गळक्या रेडिएटरला डाख द्यायचा. मी फैजपूरची केळी भरून दिल्लीकडे ट्रक हाकायचो. मी चौथी पास आणि तो चौथी नापास, एवढाच आमच्यात शिक्षणाचा फरक. साल्याची टिंगल करायचा दाजीला हक्कच असतो, तो मी पुरेपूर वापरला. आता वापरायला साला राहिला नाही, म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीनंतरची गोष्ट. एक परदेशी गाडी हायवेवर झाडाला ठोकली. गाडी भंगारात गेली, इंजिन दामूने उचललं. खोललं तर आत पिस्टनच नाही. लोखंडाचा एक जाड सामोसा, तो गरागरा फिरणार. वजनाला बकरी, ताकदीला रेडा. दुसऱ्या कोणी त्यावर उसाचा चरक चालवला असता. दामूने विमान करायचं ठरवलं. एका जुन्या मासिकातली विमानाची चित्रं त्याच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेली होती. मजकूर इंग्रजी होता, म्हणून त्याने तो कापून टाकला होता.

पहिल्यांदा इंजिन चालवलं ते निंबाच्या झाडाला दोरखंडाने बांधून. मी तिथेच होतो. झकास चाललं. पाणी थंड, आवाज गोड. दामूने इंजिन बंद केलं आणि आम्ही चहा प्यायला बसलो. कप अर्धा झाला नाही तोच इंजिनातून वाफ उसळली. आतल्या रबरी कड्या जळाल्या, पाणी नको तिथे शिरलं आणि सामोसा भिजला. पाण्याचा पंप इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा. इंजिन थांबलं तसा पंपही थांबला, आणि पोटात साठलेली आग जागच्या जागी पाणी उकळत बसली. माझ्या ट्रकचं इंजिन बिडाचं, ते असलं सोसतं. हे नाजूक निघालं. मी पोट धरून हसलो. दामू हसला नाही. हात भाजेपर्यंत इंजिनला लावून बसला.

तिथून त्याला ते वाक्य सापडलं. पुढे जन्मभर ते त्याने आम्हाला ऐकवलं. "दाजी, इंजिन बंद व्हयनं म्हनीसन पानी बंद करानं नही." लग्नात, मयतीत, नळावरच्या भांडणात, कुठेही म्हणायचा. लोक मान डोलवायचे. कळायचं कोणालाच नाही.

त्याने पट्ट्याचा पंप काढून फेकला. मुंबईच्या बंदरावरून नावेतलं पाणी उपसायचा बॅटरीवरचा पंप आणला आणि इंजिनला जोडला. आता इंजिन बंद असो की चालू, बटण दाबलं की पाणी फिरायचं. मग सुमनने त्याला विचारलं, हा पंप वर आभाळात बंद पडला तर काय करशील? खाली येईन, म्हणाला. ती म्हणाली, खाली तर सगळेच येतात.

तिने त्याला आईमागे लहानाचा मोठा केला होता. विमानाचं नाव निघालं की तिच्या हातातलं पीठ सैल व्हायचं. ती रडणारी बाई नव्हती. तिने भाऊबीजेपर्यंत वाट बघितली. दामू पाटावर बसला, टोपी घातली, करंज्यांकडे बघायला लागला. सुमन ताट घेऊन उभी राहिली, पण ओवाळेना.

"मला साडी नको," ती म्हणाली. "दुसरा पंप बसव. त्याची बॅटरीबी वेगळी. मग ओवाळते."

वजन वाढेल, म्हणून त्याने हुज्जत घातली. मग करंज्या कमी खा, असं तिने सांगितलं. निरांजनातलं तूप संपत आलं तेव्हा तो कबूल झाला. जगात ओवाळणीत बारा व्होल्टचा पंप मिळालेली माझी बायको एकटीच असेल.

विमान उडालं ते पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. सुमन माहेरी गेलेली, मी तिला आणायला म्हणून गेलो होतो. धुळ्याबाहेरचा माळ तव्यासारखा तापला होता. पाइप, कापड आणि स्कूटरची सीट, असं ते विमान खडखडत पळालं आणि खरंच उचललं गेलं. निंबाच्या शेंड्याएवढं वर गेलं. सुमनने माझं मनगट असं धरलं की हाड कळवळलं. तेवढ्यात ते वळलं, डुगडुगत उतरायला लागलं आणि नांगरलेल्या शेतात आपटलं. चाक एकीकडे, दामू एकीकडे.

तो उठला. पहिल्या पंपाची तार वरच तुटली होती. काटा लालावर गेलेला बघून त्याने दुसरं बटण दाबलं, म्हणून इंजिन खाली येईपर्यंत चाललं. हे त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी सुमन धावत गेली आणि त्याला थोबाडीत मारायला हात उचलला. दामूने एका हाताने तिला थोपवलं, दुसरा इंजिनवर ठेवलेला. "थांब अक्का, पानी फिरू दे." तिने थांबून घेतलं. इंजिन गार झाल्यावर मारली.

परत तो उडाला नाही. अक्काने शपथ घातली होती, आणि मला वाटतं त्याचंही पोट भरलं होतं.

सुमन गेली तेव्हा तेरावं करून पाहुणे पांगले. दामू पांगला नाही. दुकान बंद ठेवून माझ्या घरी मुक्काम ठोकला आणि रोज माझ्याशी भांडला. माझ्या चहाला नाव ठेव, माझ्या धुतलेल्या भांड्यांना नाव ठेव. अक्काला तू कधी सिनेमा दाखवला नाही, म्हणून शिव्या. मी पण सोडलं नाही, सामोश्यापासून सगळं काढलं. शिव्या द्यायला का होईना, रोज उठत होतो. एका सकाळी मी भाकरी थापत होतो, सुमनसारखी नाही, पण गोल. त्याने माझ्या कपाळाला उलटा हात लावला. बराच वेळ ठेवला.

"आते बंद करानं हरकत नही," म्हणाला, पिशवी उचलली आणि धुळ्याची एसटी धरली.

परवा तोही गेला. राख सावडायला धुळ्याला गेलो. सगळ्यांनी रीतीप्रमाणे ओंजळभर पाणी शिंपडलं आणि हात झटकले. मी कळशीच घेतली आणि ओतत राहिलो. त्याचा मुलगा म्हणाला, मामा, बस झालं आता.

मी खाली बसलो आणि राखेला हाताची पाठ लावली.

"नाही रे," म्हटलं, "अजून गरम आहे. आण आणखी एक कळशी."