परतणारी नजर

माझ्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं स्वतःच वाचायची, असा अण्णांचा हट्ट. ते प्रौढवर्गात वाचायला शिकलेले. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची आणि डोळे मागं फिरायचे. कॉलेजची जाड पुस्तकं वाचताना माझंही असंच व्हायचं. नजर पुढं धावते खरी, पण मागचं मनात धरून ठेवता आलं नाही, की तिला परतावंच लागतं.

"अहो, देव ताटकळलाय!" आई म्हणाली.

"थांब गं. त्याला कुठं गाडी पकडायचीय?"

अण्णांनी शेवटचा शब्द वाचला. कुणाच्याही मदतीशिवाय. तरी त्यांची नजर पुन्हा वर गेली आणि माझ्या नावापुढच्या 'बी. ए.'वर थांबली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. या वेळी काहीच निसटलं नव्हतं.