काका जिथे सिनेमा थांबवत

सुधाकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी आले होते. काकू म्हणाल्या, "जेवले, डोळे मिटले आणि गेले... त्रास नाही झाला गं." खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. आठ महिने ते अंथरुणाला खिळले होते, आणि दुसऱ्याच्या हातून पाणी पिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

काका माझ्या बाबांचे जिवलग मित्र. बाबा बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचे केळीवाले, काका विदर्भातून इकडच्या कागद कारखान्यात आलेले. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं, बहुधा म्हणूनच मैत्री टिकली. नव्या मशीनचं काम शिकायला कारखान्याने काकांना वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं. लोक तिकडून घड्याळं आणतात, यांनी एक जुनी जाडजूड कादंबरी आणली. गोष्ट अशी: हसरी, अल्लड मुलगी, दुप्पट वयाच्या अधिकाऱ्याला दिलेली. पुढे तिचं पाऊल घसरतं, कित्येक वर्षांनी जुनी पत्रं नवऱ्याच्या हाती लागतात, तो तिला टाकतो आणि आईबापही दार लावून घेतात. या एका कादंबरीवर तिकडे वेगवेगळ्या काळात सिनेमे निघाले, आणि काकांनी एकेक करून त्यांच्या सीडी जमवल्या. बुऱ्हाणपूरला बुधवारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी रविवारी दुपारी सिनेमा लागे. भाषा बाकी कुणालाच कळत नसे, म्हणून काका टीव्हीशेजारी खुर्ची टाकून सगळ्या पात्रांचं बोलणं एकटेच मराठीत सांगत. बायकी आवाज काढायलाही लाजत नसत. एका सिनेमात तो नवरा दगड वाटे, दुसऱ्यात बिचारा. काका म्हणत, लगदा एकच, पण प्रत्येक मशीन आपला वेगळा कागद काढते.

वीसेक वर्षांपूर्वी मीही पत्रांपायीच टाकलेली होते. लग्नाआधीची, कॉलेजातली, दोन-चार पत्रं. पण सासरी ती सापडली आणि सगळं संपलं. मी खंडव्याला खोली घेऊन शिकवण्या करत होते. इकडे येऊ नको, असा बाबांचा निरोप होता. सात महिने असे गेले. मग एका सोमवारी सकाळी बाबा माझ्या दारात उभे, हातात रिकामी पिशवी. सामान भर, एवढंच म्हणाले. का आलात, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि परत फिरले तर?

काकूंकडून नंतर कळलं, आदल्याच दिवशी काकांनी बाबांना त्यातला एक सिनेमा दाखवला होता. शेवटी बाप पोरीला घरी बोलावतो, ती येते, बरी होते, असं सांगून काकांनी टीव्ही बंद केला आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. त्या जर्मन बापाला मी कित्येक वर्षं मनातल्या मनात हात जोडले. पुढे कधीतरी तोच सिनेमा मोबाइलवर, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळींसकट पाहिला. बाप बोलावतो खरा, पण तोवर पोरगी खंगलेली असते. ती घरी येते आणि मरते... मी तडक काकांकडे गेले. ते हसले. "कागद फाटायच्या आधी मशीन थांबवायची, पोरी. जिंदगीभर तेच तर केलं." मला मात्र हसू आलं नाही. म्हणजे बाबा एका थापेला भुलून आले होते? खरं कळलं असतं तर आले असते का? बाबांना विचारायचा धीर झाला नाही, आणि हा काटा काका जाईपर्यंत तसाच राहिला.

तेराव्यानंतर काकूंनी सीडींचा डबा माझ्या हाती दिला. प्रत्येक कव्हरवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: 'इथे बंद', आणि पुढे सिनेमातली वेळ. सगळ्यात नव्या सिनेमावर मात्र लिहिलं होतं, 'यात ती जगते. पूर्ण दाखवा.' डबा घेऊन घरी आले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. डबा पाहून म्हणाले, सुधाकरनं मला दाखवला होता तोच लाव.

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा मी धीर केला. म्हटलं, "बाबा, काकांनी तुम्हाला शेवट खोटा सांगितला होता."

बाबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "मले माहीत आहे. दारात चप्पल घालता घालता इचारलं होतं मी त्याले, खरं सांग म्हनून. म्हने, मेली. बापानं बोलावलं, पन लई उशीर केला. म्हनून तर पह्यली बस पकडली मी."

काकांनी मला हे कधीच सांगितलं नाही. माझ्या लेखी थापाडे ठरले, पण सांगितलं नाही. पोरीला हे बापानेच सांगावं म्हणून वाट पाहत राहिले असतील. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ज्यांना ते सांगावं ते काका नव्हते.

पडद्यावर ती मुलगी आईबापांच्या बागेत शिरत होती. चिठ्ठीवरची वेळ झाली. मी रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

"पोरगी घरी आली," मी म्हटलं.

"हौ," बाबा म्हणाले. "आली."