बाळकुमातली बुखारी

सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, ठाणे शहरात, मौजे बाळकुम येथे, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, जिथे माणसं पौषातही पंखा तीनवर ठेवून झोपतात, तिथे एका कुटुंबाने घर गरम करण्यासाठी लाकडाची भट्टी बसवली आहे. कोणाची हरकत असल्यास ती लेखी कळवावी.

हरकती आल्या. लेखी आल्या. त्याबद्दल पुढे सांगते.

कोर्टात अठ्ठावीस वर्षं नोटिशी टाइप केल्यामुळे मला वाईट बातमी या एकाच भाषेत नीट सांगता येते. साध्या भाषेत सांगायचं तर माझ्या वडिलांना थंडी वाजत होती.

बाबा खाडीवरचे. खाडीत मासे होते तोवर होडी वल्हवली, मासे संपले तेव्हा होडी घरामागे पालथी घातली आणि रोज सकाळी तिच्यावर बसून चहा प्यायला लागले. एक्याऐंशीव्या वर्षी दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, रिक्षा करून ठाण्यात जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला टेकायचं आणि परत यायचं. परत येताना ते असे कुडकुडायचे की रिक्षावाला मागे वळून बघायचा. बाहेर कडक ऊन. आत माझे वडील, स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर.

डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, होतं असं. इंजेक्शनं चालू होतीच. बाबांचं निदान वेगळं होतं. "माझा रगत बाहेर फिराला जातो, बाय. चार तास फिरतो नि गार होऊन येतो."

आमच्यात मुलीला बाय म्हणतात. मी त्रेपन्न वर्षांची बाय आहे.

गोधड्या झाल्या. गरम पाण्याची पिशवी झाली. विजेचा हीटर आणला, त्याने त्यांच्या कोरड्या अंगाला एवढी खाज सुटली की रक्त येईपर्यंत खाजवलं. आणि मग दिवाळी सरल्यावर एका शनिवारी, रिक्षातून उतरून पायरीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मी आता नाय जानार. मरन चालेल, ही थंडी नको."

मी डॉक्टरांना फोन केला. बंद केलं तर काय होईल? ते म्हणाले, पंधरा दिवस. फार तर तीन आठवडे.

मी आत जाऊन बाबांसमोर उभी राहिले. आयुष्यभर वकिलांना तडजोड करताना पाहिलंय. म्हटलं, "तुम्हाला काय हवंय ते सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "आग," म्हणाले. "लाकराची. समोर दिसली पायजे. घर गरम कर, मी जाईन."

ठरलं. साक्षीदार, माझे मिस्टर.

हे मिस्टर मूळचे डोंबिवलीचे. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी पहिला बोंबील खाल्ला, तोही आधी आकृती काढून कुठला काटा कुठे असतो हे समजून घेतल्यावर. आई गेल्यापासून आम्ही दोघं बाळकुमच्या घरातच राहतो. माणूस शांत. पण काही विकत घ्यायचं म्हटलं की ह्यांच्या अंगात येतं. तीन दिवस हे मोबाइल घेऊन बसले आणि चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निवाडा दिला.

"कोळशाची शेगडी बाद. बंद खोलीत माणसं मरतात तिने. बंब बाद. तो पाणी तापवतो, खोली नाही. आपल्याला बुखारी हवी."

बुखारी म्हणजे हिमाचल-काश्मीरकडची घरात ठेवायची लोखंडी भट्टी. आत लाकूड जळतं, धूर नळीतून छपराबाहेर जातो, आणि घरातले लोक भोवती बसून अक्रोड खातात. ह्यांनी मला व्हिडिओ दाखवला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. आमच्या खिडकीबाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती.

तयार बुखारी मागवायचा विचार केला, पण सगळ्यांची दारं भरीव लोखंडाची. बाबांना आग दिसायला हवी होती. म्हणून आम्ही कळव्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. हा माणूस ग्रिल, गेट आणि लग्नाच्या मांडवातल्या तंदूर भट्ट्या बनवायचा. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून त्याने ह्यांची आकृती उलटीसुलटी करून पाहिली.

"हॉटेल कुठे आहे तुमचं?"

"हॉटेल नाही," मी म्हटलं. "बेडरूम आहे."

"बेडरूममध्ये तंदूर?"

"वडिलांना थंडी वाजते."

त्याने भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे, की घरातला शहाणा माणूस कोणता. "साहेब, ताई बोलतायत ते खरं आहे?"

"पत्रा तीन एमेमचा घ्या," हे म्हणाले. "दोन एमेमचा वाकतो."

तेवढ्यावर त्या दोघांची गट्टी जमली. नळी किती इंची, जाळी ओतीव की सळ्यांची, दाराला काच लावायची तर ती तडकणार नाही अशी कुठे मिळेल, यावर दोन शहाण्या पुरुषांनी अर्धी दुपार घालवली. मी कापलेल्या सळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून हिशोब करत होते की मंगळवारी, गुरुवारी कसंबसं समजूत घालून नेलं, आज शुक्रवार, आणि उद्या बाबा रिक्षात बसतील का. बसले. भट्टीचं माप घेतलंय एवढ्या वचनावर बसले.

बुखारी टेम्पोतून आली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. "काय गं, केक बनवनार काय?" एकीने विचारलं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला भाजणार आहे. सगळ्या हसल्या. मीही हसले.

फॅब्रिकेशनवाल्याने बाबांच्या खोलीत विटांचा चौथरा केला, भिंतीला पत्रा मारला, आणि छपराचा पत्रा कापून नळी बाहेर काढली. जाताना ताकीद दिली की खिडकी चार बोटं उघडी ठेवायचीच, नाहीतर गॅस होईल. म्हणजे आम्ही खिडकी उघडी टाकून खोली गरम करणार होतो.

बाबांनी नवीन होडी पाण्यात घालताना करतात तसंच सगळं केलं. हळद, कुंकू, हार, नारळ. मग म्हणाले, "आता होरी आना."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. आमच्या घरात रीत होती की म्हातारी होडी भंगारात द्यायची नाही. जिने घर पोसलं ती घरच्याच चुलीत जायची. आजोबांची होडी आईच्या चुलीत गेली होती. मग गॅस आला, आणि बाबांच्या होडीला चूलच उरली नाही. ती घरामागे पालथी पडून होती ती तिच्यावर बसून चहा पिता यावा म्हणून नव्हे, ती चुलीची वाट बघत होती. हे मला त्या दिवशी कळलं.

ह्यांनी कुऱ्हाड घेतली. डोंबिवलीच्या माणसाने कुऱ्हाड धरलेली पाहून बाबा त्या दिवशी खूप दिवसांनी हसले. "जावई, पाय सांभाला. पाय पन लागतो मागाहून."

पहिली फळी पेटली. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड, त्यावर दरवर्षी चोळलेलं माशांचं तेल. ज्वाळा निळ्या निघाल्या. मधेच हिरव्या, कुठे तांब्याचा खिळा राहिला असेल तिथे. बाबा काचेसमोर खुर्ची ओढून बसले ते उठेचनात. मी विचारलं, "बरं वाटतंय?"

"मस्त," ते म्हणाले. "मस्त गरम."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

धूर मात्र नळीतून वर गेला आणि घरामागच्या टॉवरला जाऊन भिडला. दुसऱ्या दिवशी टॉवरचे एक पदाधिकारी लेखी तक्रार घेऊन दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला पेन.

"मॅडम, चौदाव्या मजल्यापर्यंत सुकटाचा वास येतोय."

"तो होडीचा आहे," मी म्हटलं.

"होडीचा?"

"होडी जाळतोय आम्ही."

त्यांनी कागदावर पाहिलं. होडीसाठी रकाना नव्हता. "आमच्याकडे काही कुटुंबं शुद्ध शाकाहारी आहेत हो. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतोय. तुम्ही काय करताय नक्की?"

मी त्यांना आत बोलावलं. खोलीत भट्टी धडधडत होती. बाबा स्वेटर-शाल-मफलर लावून बसले होते, शेजारी हे गंजीफ्रॉकवर, टॉवेलने मान पुसत. पदाधिकाऱ्यांच्या चष्म्यावर वाफ आली. त्यांनी तो पुसला, पुन्हा आली. अखेर चष्मा हातात धरूनच म्हणाले, "वारा खाडीकडे जात असेल तेव्हाच पेटवा. आणि आधी ग्रुपवर कळवत जा."

तेव्हापासून मी रोज त्यांच्या टॉवरच्या ग्रुपवर नोटीस टाकायला लागले. 'आज सायंकाळी पाच ते सात या वेळेत होडीचा डावा भाग जाळण्यात येईल. रहिवाशांनी कपडे आत घ्यावेत.' लोक अंगठे पाठवायचे. एका बाईंनी एकदा फूल पाठवलं.

आणि बाबा जात राहिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. रिक्षातून उतरले की थेट खुर्चीत, काचेसमोर. प्रत्येक फळी स्वतः निवडायचे. ही मागल्या टोकाची, ही वल्ह्याजवळची, हिच्यावर तुझी आय बसायची जाळी विणाला. मी विचारायचे, गरम वाटतंय ना? मस्त, बाय. मी कोर्टात सगळ्यांना सांगत फिरायचे की आमच्या घरात काश्मीर आहे. खोटं कशाला बोलू, त्या दोन महिन्यांत मी सुखी होते.

मग बुखारीला भोक पडलं. आधी दाराच्या बिजागरीजवळ, मग तळाला, आणि एका गुरुवारी तळ गळून निखारे चौथऱ्यावर आले. ह्यांनी पाण्याची बादली ओतली. फॅब्रिकेशनवाला धावत आला, गुडघ्यावर बसला आणि पत्र्यावरून बोट फिरवलं. पत्रा पापुद्र्यासारखा सुटून आला.

"तीन एमेमचा पत्रा आहे, ताई. दहा वर्षं जायला पाहिजे. काय खायला घालता हिला?"

"होडी," हे म्हणाले.

तो उठून उभा राहिला. "खाडीतलं लाकूड? साहेब, तुम्ही एवढी मापं काढली, मिठाचं नाही सुचलं? लाकडातलं मीठ आगीत सुटतं नि लोखंड खातं." मग आवाज खाली आणून, बाबांकडे पाठ करून म्हणाला, "नवीन तळ मारून देतो. पण वखारीतलं लाकूड जाळा. बाभूळ. होडी बास."

बाबांना ऐकू आलं होतं. त्यांना हवं ते सगळं ऐकू यायचं. "किती रायली?" त्यांनी विचारलं. ह्यांनी मागे जाऊन पाहिलं. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, तुकडा आणि चार फळ्या. बाबा म्हणाले, राहू द्या तशीच, मागाहून लागतील.

तळ बसला. कल्याणच्या वखारीतून बाभळीची फाडलेली लाकडं आली, सुकी, खणखणीत. काय जळायची. धूर नाही, वास नाही, टॉवरला नोटीस द्यायची गरज नाही. खोली अशी तापली की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं वळली. हे म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं.

बाबा शनिवारी मशीनवर जाऊन आले. मंगळवारी सकाळी रिक्षा दारात आली, मी त्यांची पिशवी भरून उभी, आणि ते खुर्चीतून उठले नाहीत. समोर बाभूळ पेटलेली होती. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

"बाबा, चला. उशीर होतोय."

"आज नाय."

"बरं नाही वाटत का?"

"आता नायच."

मी पिशवी खाली ठेवली. कोर्टातला आवाज काढला. म्हटलं, आपलं ठरलं होतं. घर गरम करायचं, तुम्ही जायचं. केलं की नाही गरम?

"केलंस."

"मग?"

ते काचेकडे बघत होते. "घर गरम झाला, बाय. मी नाय झालो."

मी त्यांचा हात धरला. भट्टीपासून दोन हातांवर बसलेल्या माणसाचा हात. फ्रीजमधून काढलेल्या भांड्यासारखा गार होता. दोन महिने मी दिवसातून दहा वेळा विचारलं, बरं वाटतंय ना, आणि एकदाही हात लावून बघितलं नव्हतं.

"मग मस्त मस्त काय म्हणत होतात?" हे दारातून म्हणाले. ह्यांचा आवाज चढलेला मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकला. "दोन महिने?"

"होरी बघत होतो, जावई," बाबा म्हणाले. अगदी साधेपणाने, पेपर वाचत होतो म्हणावं तसं. "तिला एकटी कशी जलू देऊ? ती जात होती तवर मी बसलो. झाला आता."

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ह्यांनी खिडकीतून त्याला हाताने थांबायची खूण केली, मग तोच हात हलवून जा म्हटलं, आणि पुन्हा थांब म्हटलं. त्याने इंजिन बंद केलं. भट्टीत बाभळीचं एक लाकूड दुभंगून खाली बसलं. बाबांनी शाल नीट ओढून घेतली, आणि आठवड्याचे वार, डॉक्टरांचे तीन आठवडे, घरामागे उरलेल्या चार फळ्या, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी त्यांचे दोन्ही हात चोळत होते, जोरजोरात, चकमक घासावी तसे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"मग मी आता काय पेटवू, बाबा?"