आईचा अंगठा

परभणीच्या कोर्टातल्या त्या कारकूनबाई कागद वाचताना ओठ हलवायच्या आणि दर ओळीला "कशावरून?" असं विचारायच्या. मी शिशुगृहात कामाला होते. परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांच्या फायली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायचे.

एकदा दोन वर्षांच्या मुलीच्या फायलीवर त्या अडल्या. संमतीपत्राखाली आईचा अंगठा होता.

"हे तिला कुणी वाचून दाखवलं?"

मी फायलीतला आईचा पत्ता पुढे केला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या मला घेऊन तिच्या गावी, राणीसावरगावला निघाल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांमुळे एसटी पोचेल की नाही, याचाही भरवसा नव्हता.

मुलीची आई शेतातून आली. बाईंनी हळूच विचारलं, "लेकरू कायमचं परदेशात जायलाय. ठाऊक हाय का तुमाला?"

"न्हाई बाई," ती म्हणाली. "मी बरी होईस्तोवर सांभाळा म्हणलं व्हतं."

आठवड्याभरात ती मुलीला कडेवर घेऊन गेली. पण मला झोप लागेना. बाई कोर्टात येण्याआधी माझ्या हातून तीन मुलं परदेशी गेली होती. त्यांच्या आयांचे अंगठे मीच घेतले होते. वाचून कुणालाच दाखवलं नव्हतं.