मेश्रामबाईंची लाथ

मेश्रामबाई पॅनलरूममध्ये शिरल्या की आधी केबलींना लाथ घालायच्या. राळेगावजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्या इलेक्ट्रिकल सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखालचा वायरमन. भिंतीवरून उतरणाऱ्या मनगटाएवढ्या केबलींपैकी एखादी हलली, तर दुसरी लाथ आमच्यापैकी कुणाच्या तरी नडगीवर बसे.

"शॉक लागते हे साऱ्याइले मालूम हाये," त्या दात खात म्हणायच्या, "पण करंट धक्काही मारते, हे कोनाच्या ध्यानात राहत नाही."

मी रुजू झालो तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला दोन सैल तारा जोडून दाखवल्या. एकीतून करंट जाणारा, दुसरीतून परतणारा. जोडताच तारा फटकन एकमेकींपासून दूर उडाल्या. करंट वाहू लागला की तारेभोवती चुंबकाचा जोर येतो आणि तो शेजारणीला रेटतो, एवढीच गोष्ट.

"हे तं बारकी तार हाये. शॉर्ट झालं तं हे केबल तुह्या बापाचंही आयकनार नाही. आवळून बांध."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी शेठजींनी सगळं धुऊन काढायला लावलं. केबलींवरची रुई झाडायची म्हणून त्यांना भिंतीशी आवळणारे क्लॅम्प सोडले आणि झेंडूचे हार चढवले. गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या स्टार्टरवरही कुणीतरी पाण्याचा पाइप मारला होता, हे नंतर कळलं.

"क्लॅम्प कसल्याबगर मेन टाकू नका, शेठजी."

"मुहूर्त टळून राह्यला, मॅडम."

"मुहूर्त दुसरा पाहता येते. मानूस कोठून आनसान?"

मी केबलींखाली बसून पहिला क्लॅम्प कसत होतो. शेठजींनी नारळ फोडला आणि हात मेनकडे नेला. बाईंनी ते पाहिलं. त्यांची लाथ माझ्या बरगड्यांत अशी बसली की मी दाराशी जाऊन आपटलो. त्याच क्षणी स्टार्टरमध्ये शॉर्ट झालं आणि केबली भिंत सोडून उसळल्या. ब्रेकर पडून करंट तुटायला पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. तेवढ्यात, मी बसलो होतो तिथून एक केबल फिरली आणि बाईंचा उजवा हात कोपराखाली मोडून गेली. हाड बाहेर आलं होतं.

बाई भिंतीला टेकत उठल्या, शेठजींपुढे गेल्या आणि डाव्या हातानं अशी थोबाडीत दिली की त्यांच्या कपाळावरचं पूजेचं कुंकू फिसकटलं. शेठजींनी तिथल्या तिथे त्यांना कामावरून काढलं. मला शेठजींचा गळा धरावासा वाटला होता, आजही वाटतो.

प्लास्टरमधला हात घेऊन बाई आपलं सामान न्यायला एकदाच आल्या. थेट पॅनलरूममध्ये शिरल्या आणि एकेका केबलीला लाथ घालत पुढे सरकल्या. तोल जात होता, तरी जोर तोच. मी सवयीनं नडगी सांभाळून उभा होतो. एकही केबल हलली नाही.

"कोनं कसले?"

"म्या, मॅडम."

त्यांनी डावा हात माझ्या बरगड्यांवर ठेवला. "अजून दुखते का?"

"दुखते."

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "दुखलं तं ध्यानात राहते."

आणि पिशवी खांद्याला अडकवून त्या फाटकाकडे निघाल्या.