नाखव्याची शंका

परवा बंदरात डिझेलचा रंगीत तवंग पाहिला आणि पंचावन्न सालचं काशीद आठवलं. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याच्या कंदिलातलं रॉकेल डबक्यात सांडून असेच रंग उमटले होते. मी नवाकोरा विज्ञानमास्तर. जाळं शिवणाऱ्या त्या नाखव्याला म्हणालो, "हे रंग हाच पुरावा. उजेड म्हणजे लाटा."

त्याने खडकाकडे बोट केलं. "लाट खडकाला वळसा घालून मागं जाते, मास्तर. उजेड बी लाटच, मग सावली पडते कशी?"

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणत मी सटकलो.

आठवडाभर पुस्तकं चाळली. हीच शंका थोर शास्त्रज्ञांनाही होती! उजेडाची लाट इतकी बारीक, की तिचं वळणं डोळ्यांना दिसतच नाही. धावत सांगायला गेलो.

नाखवा हसला. "तवाच येत न्हाय म्हणायचं व्हतं की. मला बी येत न्हाय, म्हणून तर इचारलं."