मशीन आडनाव वाचत नाही

आमचं आडनाव कुठून आलं, हे मी आजवर ऐकणारा माणूस पाहून सांगत आलो. बालाघाटच्या बस स्टँडावर तिकिटं फाडण्यात माझी उमर गेली. आवाज असा की मी इथून ‘गोंदिया, गोंदिया’ ओरडलो की गोंदियातली माणसं मागं वळून पाहत. बस लागेपर्यंत प्रवाशांना धरून ठेवायचं तर गोष्टी लागतातच. ऐकणारा लांजीकडचा असला की आमचा मूळपुरुष लांजीच्या किल्ल्याचा दरवाजा एका खांद्यानं लोटणारा पहारेकरी होई. बैहरकडचा असला की तोच मूळपुरुष वाघाच्या कानात काहीतरी पुटपुटून त्याला रस्त्यातून उठवी. नागपूरकराला मात्र सगळंच मोठं लागतं. त्याच्यासाठी आमचा पुरुष फौजेतला हत्ती घेऊन वैनगंगा पोहून आलेला असे. हत्तीवर बसून नव्हे. हत्ती त्याच्या पाठीवर.

यातलं काही मला सिद्ध करता येत नसे, पण कुणाला खोडताही येत नसे. आडनावाचा तोच तर फायदा.

खरं एवढंच होतं की माझा आजा भंडाऱ्याकडून पायी आला आणि भरवेलीच्या मँगनीज खाणीत लागला. त्याच्यामागून माझे बाबा तिथंच लागले आणि ड्रिल घेऊन जमिनीच्या पोटात उतरत राहिले. आता ते आणि माय बालाघाटला माझ्याकडं असतात. बाबांच्या गालात सकाळी खर्रा जातो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो आमच्याकडचा प्राणवायू. तो फक्त जेवायला आणि भांडायला बाहेर येतो.

माझी पोरगी नागपूरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. एकदा सुटीवर आली आणि जेवताना तिनं सांगितलं की तिच्यासोबतचा एक मुलगा तिला आवडतो, त्यालाही ती आवडते, आणि आता घरी बोलायला हरकत नाही. मुलगा तिरोडीचा. बाबा खूश झाले. तिरोडीलाही मँगनीजची खाण आहे, तेव्हा पोट्टा खदानीतल्या घरचा, कामचोर नसणार, असं त्यांनी तिथंच प्रमाणपत्र दिलं. मग आडनाव विचारलं. पोरीनं सांगितलं. आमचंच.

“मंग तो तुहा भाऊ झाला,” बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आता आमचं घर बौद्ध. आमच्यात कुंडली नाही, मुहूर्त नाही, गोत्र नाही. समाजात कुणी चोरून पत्रिका काढली असं कळलं की बाबा त्याच्या घरी जात आणि खर्रा बांधायला ती पत्रिका मागत. असा माणूस. पण आडनावापाशी त्यांची गाडी थांबे. एक आडनाव म्हणजे कुठंतरी एक भावकी, आणि भावकीतली मुलं म्हणजे बहीणभाऊ. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि ते कुणी पुसूही शकलेलं नव्हतं.

मी पोरीकडं पाहिलं. तिनं उचललेला घास परत ताटात ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना उल्लू बनवलेला माणूस मी, मला खरं लगेच ओळखू येतं. हे खरं होतं.

ती बाबांच्या मागं आंगणात गेली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, “आबाजी, तुमीच म्हनता ना, जे तपासता येते थेच मानायचं? मंग तपासून पाहू.”

तिनं त्यांना समजावलं ते असं. माणसाच्या थुंकीत त्याच्या पूर्वजांची खूण असते. त्यातला एक तुकडा बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जवळजवळ जसाच्या तसा जातो. म्हणजे आडनावासारखाच. दोन्ही घराण्यांच्या टोकाला एकच पुरुष असेल तर बाबांचा आणि त्या मुलाचा तुकडा जुळेल. नसेल तर नाही जुळणार. बाबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. त्यांचाच खुंटा, त्यांनाच बांधलं. त्यांनी फक्त अट घातली, की जुळलं तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. पोरगी हौ म्हणाली. तिचा आवाज मला बस स्टँडाच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा वाटला.

तिनं अशी तपासणी करणाऱ्या एका कंपनीकडून थुंकीच्या नळ्या मागवल्या, एक बाबांसाठी, एक मुलासाठी. तेव्हा माय मध्ये पडली. तिचं म्हणणं, तिलाही एक पाहिजे.

“तुले कायले?” बाबा म्हणाले. “तुहं आडनाव तं लग्नात बदललं. तुहं काय तपासतीन?”

“मी का या घरची नाई?” माय म्हणाली.

या प्रश्नावर आमच्या घरात आजवर कुणी टिकलेला नाही. तिसरी नळी आली.

थुंकायच्या आधी अर्धा तास तोंडात काही जाऊ द्यायचं नव्हतं. माय दातांना गुडाखू लावते, तंबाखूचीच ती पेस्ट. तिनं आदल्या दिवसापासून डबीला हात लावला नाही आणि शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारखी नळी भरून दिली. बाबांनीही भरून दिली. त्यांची नळी मी डोळ्यांनी पाहिली. भरवेलीच्या खाणीतून पावसाळ्यात जे पाणी उपसतात, त्याचा रंग याहून उजळ असेल. कंपनीचा निरोप आला की बाकी दोन ठीक आहेत, पण हा नमुना तपासण्याजोगा नाही, पुन्हा पाठवा. बाबांचं म्हणणं, त्यांनी अर्धा तास काहीच खाल्लं नव्हतं. खरंही होतं. त्यांनी खाल्लं नव्हतं, नुसतं गालात धरलं होतं.

दुसऱ्या वेळी पहारा पाहिजे होता. मी बसलो असतो तर बाबांनी मला पानठेल्यावर पाठवलं असतं आणि मी गेलोही असतो. पोरीनं तिरोडीच्या मुलालाच बोलावलं. तो रविवारी मोटारसायकलवर आला, पाया पडला, आणि बाबांसमोर खुर्ची टाकून बसला. ज्याच्या थुंकीवर आपलं लग्न अडलंय, त्याच्या तोंडावर अर्धा तास नजर ठेवायची! मी असतो तर वेडा झालो असतो.

तोंड रिकामं, म्हणून बाबांनी ते बोलण्याला लावलं. तिरोडी काय खदान आहे, वरून उघडी, ऊन खाऊन राह्यली. खरी खदान भरवेलीची, सूर्याला तिथं पास काढावा लागतो, असं त्यांनी सुनावलं. थाप मारायची कला माझ्याकडं कुठून आली, ते तपासायला नळी लागत नाही.

“हौ आबाजी,” मुलगा म्हणाला. “माहे आजोबा बी म्हनत, भरवेलीवाले अंधारात बी भाव खाते.”

बाबा हसले. मग आपण विरोधी पक्षात आहोत हे आठवून हसणं अर्ध्यात गिळलं. निदान ते तरी बिनतंबाखूचं पोटात गेलं. नळी या वेळी स्वच्छ भरली.

त्यानंतरचे दिवस लांबले. पोरगी घरी येई, पण त्याचं नाव घेईना. आधी तिचा फोन सारखा वाजायचा, आता तो उशाशी मुका पडून असे. एकदा मी तिला हसवायला म्हणालो की काळजी करू नको, निकाल वाईट आला तर आपण कंपनीला हत्तीची गोष्ट सांगू. ती हसली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपल्या गोष्टींचा कंटाळा आला. दहा मूळपुरुष मी पैदा केले, पण पोरीच्या कामाचा त्यांच्यात एक निघाला नाही.

निकाल आला तेव्हा ती दोघं सोबतच आली. थंडीचे दिवस, दुपारचं ऊन. आंगणात खाट टाकली, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि बाबा, माय, मी असे त्याच्याभोवती बसलो.

पोरीनं जगाचा नकाशा उघडला. त्यावर पूर्वज ज्या वाटेनं आले तिच्या दोन रेघा होत्या. एक बाबांची, एक मुलाची. आमच्याकडं भारतात दोन्ही जवळ जवळ होत्या. मला वाटलं, मेलो, जुळल्या. पण पोरीचं बोट मागं मागं सरकू लागलं, भंडारा सोडून, देश सोडून, डोंगर सोडून, समुद्राच्या कडेकडेनं. रेघा जुळेनात. जुळल्या त्या पार आफ्रिकेच्या अंगाला जाऊन, इतक्या हजार वर्षांमागं की आकडाही अंदाजाचाच.

“तवा आपलं आडनाव होतं?” बाबांनी विचारलं.

“तवा गावच नव्हतं, आबाजी. शेती बी नव्हती.”

मुलगा इतका वेळ उभा होता, तो आता खाटेच्या कडेला येऊन टेकला. पोरगी त्याच्याकडं पाहत नव्हती, पण तिचा कान लाल झाला होता.

बाबांचं लक्ष त्या दोघांकडं नव्हतंच. त्यांनी आपलं जाड बोट स्वतःच्या रेघेवर ठेवलं. ड्रिलच्या हादऱ्यांनी त्या बोटाला कायमचा कंप आहे, त्यामुळं रेघच चालत असल्यासारखी वाटली.

“हे सारं पायी?”

“हौ.”

“लेकरं घेऊन?”

“लेकरं घेऊनच. नाईतं आपन कुठून असतो?”

माझ्या आज्याचं भंडारा ते भरवेली हे चालणं म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात मोठी यात्रा. मी तीत वाघ घातले, पूर घातले, दरोडेखोर घातले. त्या नकाशावर भंडारा ते भरवेली एवढं अंतर बाबांच्या नखाखाली झाकून गेलं, आणि नखाच्या मागं ती रेघ जात राहिली. तीत किती बाया वाटेत बाळंत झाल्या असतील, किती म्हातारी माणसं मागं राहिली असतील. आणि इतक्या सगळ्यांपैकी, दर पिढीत, एक तरी पोरगं जगलंच. एकदाही साखळी तुटली नाही. एकदा तुटली असती तर या खाटेवर कुणी बसलेलं नसतं. मी थापाड्या माणूस. मला एवढी मोठी थाप सुचली नसती, आणि सुचली असती तरी लोक बसमधून उतरून गेले असते. ही तर खरी होती. माझ्या अंगावर काटा आला. उन्हात.

बाबांनीच आधी घसा साफ केला. शब्द दिला होता, तो ते मोडणार नव्हते. पण त्यांचं एक पाऊल अजून मागंच होतं. ते म्हणाले की मशीनचं त्यांना पटलं, पण लोकांना काय सांगायचं? लग्नाच्या पत्रिकेवर दोन्हीकडं एकच आडनाव छापलं की भावकी चार दिशांनी चालून येईल. लोकांना थोडाच नकाशा वाटत फिरायचा?

पोरगी लॅपटॉपवर खाली खाली जात होती. तिथं कंपनीकडं थुंकी दिलेल्या माणसांपैकी बाबांचे दूरचे नातेवाईक कोण, त्यांची नावं होती. तिरोडीच्या मुलाचं नाव त्यात नव्हतं. पोरगी थांबली. मग तिनं परत वाचलं.

“आबाजी,” ती म्हणाली, “आजीचं नाव आलं.”

“आडनाव एक पाहून टाकलं असन त्यायनं.”

“मशीन आडनाव नाई वाचत, आबाजी. थुकच वाचते.”

मग तिनं सावकाश सांगितलं. पाच-सहा पिढ्यांमागं, नक्की कुठं ते सांगता येणार नाही, पण बाबांचे आणि मायचे पूर्वज एकच असावेत. तिकडून एक शाखा बाबांपर्यंत आली आणि दुसरी, वेगवेगळ्या आडनावांच्या घरांतून, लेकींच्या वाटेनं फिरत फिरत मायपर्यंत.

मी बाबांकडं पाहिलं. त्यांचा गाल रिकामा होता आणि तोंड उघडं होतं. ते मायकडं पाहत होते. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, पण एवढा वेळ सलग त्यांनी तिच्याकडं कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. जणू कुणी अनोळखी बाई खाटेवर येऊन बसली होती, आणि तिच्यात त्यांना कुणीतरी ओळखू येत होतं.

मायनं पदर सारखा केला.

“मंग आता कसं करता?” ती म्हणाली. “मले माहेरी धाडता का? तिथं तं भिंत बी नाई राह्यली.”

बाबा जमिनीकडं पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “वरती शेतं येगयेगळ्या मालकाची. खाली उतरलो का दगडाची पट्टी एकच चालते. जनमभर हेच तं पाह्यलं मी.” आणि मुलाकडं वळून म्हणाले, “घरी सांग, आमी येऊन राह्यलो म्हना. पोरीकडचे.”

पोरगी उठून आत गेली. पाणी आणते म्हणाली. पाणी काही आलं नाही. बऱ्याच वेळानं ती आली ती डोळे धुऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं बाबांसमोर चहाचा कप ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “घ्या भाऊ.” बाबांना असा ठसका लागला की पहिला खर्रा अर्धा आंगणात गेला.

लग्न विहारात झालं. पत्रिकेवर दोन्हीकडं आमचंच आडनाव छापलं होतं आणि भावकी चार दिशांनी चालून आलीच. मी दारात उभा राहून हत्तीची गोष्ट तयार ठेवली होती, गरज पडली तर. पडली नाही. बाबाच सगळ्यात पुढं उभे होते, फेटा बांधून, मायला शेजारी घेऊन, आणि जो विचारेल त्याला सांगत होते, “पोट्ट्याचं बरोबर आहे गा. पार आफ्रिकेपर्यंत पाह्यलं, काई लागत नाई. गडबड माह्या लग्नात झालती.”

लोक हसत, आणि पुन्हा मायकडं पाहत. ती मान हलवून हौ म्हणे.

मी ऐकत होतो. दर पाहुण्यागणिक आफ्रिकेचा रस्ता थोडा लांबत होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यात वाघ शिरला होता.